डाव्या पायाखालची माती

सावली गावच्या बस स्टँडवर बाबांनी राजदूत मोटारसायकल बंद केली आणि माझी बॅग उतरवली. बस हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "नवी जमीन हाय. पायाले इचारत जाजो."

हे त्यांचं जुनंच वाक्य. शेतातल्या चिखलाच्या धुऱ्यावर, बांधावरून, गाडी शिकवताना ते हेच सांगत. डावा पाय टेकव, तो सांगेल तशी वळव. मी निघालो होतो ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला, वेल्डिंगच्या कामावर. तिथे गाडी पळवेन हे दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

तिथे रविवारी मातीच्या गोल ट्रॅकवर मोटारसायकलींच्या शर्यती होत. आधी मोडलेल्या फ्रेमी जोडायला गेलो, मग एकदा बसलोच. गाडीला ब्रेक नाही, गिअर एकच, वळण कायम डावीकडे. डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधायचा आणि तो पाय मातीत घासत वळायचं. या इंडियनला हे जमतं कसं, असं लोक विचारत. धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात शिकलोय, हे त्यांना काय सांगणार! सहा वर्षं पळवली. थोडा जिंकलो, पुष्कळ पडलो. घरी सांगितलं फक्त वेल्डिंगचं.

शेवटचं पडणं पाठीवर झालं. चालता येऊ लागलं, पण डाव्या गुडघ्याखाली काही कळेनासं झालं. मी हॉस्पिटलात खाटेवर असतानाच बाबा गेले. आईला फोनवर म्हटलं, "सुटी भेटून नाई राह्यली." ती "बरं" म्हणाली. पुढे दोन वर्षं ती धानाचं बोलायची, पावसाचं बोलायची, बाबांचं नाव मात्र काढायची नाही. मला रडूही आलं नाही. सगळा मीच त्या पायासारखा झालो होतो.

यंदा रोवण्याला, भाताच्या लावणीला, गावी गेलो. आईमागे बांधीत उतरलो. उजव्या पायाला चिखल गार लागला, डाव्याला काहीच नाही. दुपारी धुऱ्यावर जेवायला बसलो आणि आई एकदम ओरडली. माझ्या डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, पाय रक्ताने भरला होता आणि मी निवांत घास घेत होतो.

"दुखून नाई राह्यलं तुले?"

मग सगळं सांगितलं. शर्यती, हॉस्पिटल, तो फोन.

आईने काटा काढला. पाय मांडीवरच ठेवला. "मी साऱ्या गावाले सांगतलं, पोराले बापाहून नोकरी मोठी झाली," ती म्हणाली. "मले काऊन नाई सांगतलं रे?"



दूर गेलेल्यांना विचारा, ते म्हणतील, घर म्हणजे पायाखालची माती. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण माझ्या डाव्या पायाला ती लागतच नाही. मला शेवटी लागलं ते आईचं बोट. ते टाचेपासून दाबत वर सरकत होतं.

"इथी?"

"नाई."

"इथी?"

"नाई."

गुडघ्याशी आल्यावर मी "हो" म्हटलं आणि दोन वर्षांनी बाबांसाठी रडलो.