लिंबाच्या आळ्यातलं तीर्थ

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीवर, एक फ्रेम लावलेली आहे. त्यात 'हरित सोसायटी' असं प्रमाणपत्र आहे, कडेने हिरवी पानं छापलेली. ती फ्रेम दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ऑफिसला जाताना एकदा आणि येताना एकदा. नवरा म्हणतो, सोड आता. मी सोडणार नाही.

आम्ही डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला राहतो. तीन मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही सर्वांत वर. खाली अंगणात कागदी लिंबाचं एक झाड होतं. ते माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या खडवलीच्या परसातून रोप आणलं होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून. बिल्डरने अंगण म्हणून जे सोडलं होतं त्यात माती कमी आणि विटांचे तुकडे जास्त. सासऱ्यांनी ते सगळं खणून काढलं, चांगली माती भरली आणि झाड वाढवलं. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. सासूबाई म्हणायच्या, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं, तर मलाही वर्षातून दोनदा बहर आला असता."

सासूबाई गेल्या आणि सासरे खोलीतून बाहेर येईनासे झाले. टीव्ही नको, पेपर नको, जेवण नावाला. डॉक्टर म्हणाले, त्यांना चालतं ठेवा, नाहीतर अंथरूण धरतील. आम्ही समजावलं, रागावलो, हातापाया पडलो. काही उपयोग झाला नाही. मग एका सकाळी खिडकीतून त्यांना दिसलं की झाडाखाली लिंबं पडून सडताहेत आणि कोणी उचलत नाही. चडफडत काठी घेतली आणि उतरले. तेव्हापासून रोज तेच. खाली जायचं, लिंबं वेचायची, आणि वर येताना प्रत्येक दाराला दुधासाठी टांगलेल्या पिशवीत दोन-दोन टाकायची. कोणाशी बोलायचे नाहीत. पण वर यायचे तेव्हा घामेजलेले असायचे आणि भूक लागलेली असायची. मला आणखी काय हवं होतं?

मग आमच्या कमिटीला पर्यावरणाचा पुळका आला. त्याआधी याच कमिटीने अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते, चिखल होतो म्हणून. लिंबाला चारही बाजूंनी सिमेंटचा कट्टा आला आणि मधे जेमतेम हातभर माती उरली. सासरे तेव्हा भांडले होते. "पाणी मुरायला जागा ठेवा," म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, "बाबा, लूक बघा ना लूक." ते लूक करून झाल्यावर शाश्वत जीवनशैलीची कार्यशाळा ठरली. फाटकावर प्लास्टिकचा भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर लिहिलं होतं, प्लास्टिक टाळा.

कार्यशाळा घ्यायला ठाण्याहून एक बाई आल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या मन लावून शिकवत होत्या. नाचणी-वरईचे पदार्थ, खिडकीतली मेथी, ओल्या कचऱ्याचं खत, सगळं. आणि बायोएंझाइम. फळांची सालं, गूळ आणि पाणी एका पिंपात भरून तीन महिने आंबवायचं, की लादी पुसायला आणि झाडांना चालणारं द्रावण तयार होतं. प्रत्येक घरातून सालं आली. निळं पिंप गच्च भरलं. बाईंनी जाताना बजावून सांगितलं, "झाडांना घालायचं तर बादलीभर पाण्यात दोन चमचे. नुसतं कधीच घालू नका, मुळं जळतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या माना फार छान डोलतात.

तीन महिन्यांनी पिंप उघडायचं ठरलं. आता नुसतं झाकण उघडून भागलं असतं. पण आपल्याकडे झाकण उघडत नाहीत, उद्घाटन करतात. पिंपाला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. प्रमुख पाहुण्या म्हणून कोणी पुढारीणबाई येणार होत्या. ठाण्याच्या बाई शीळ रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या, आणि पाहुण्यांना पुढे आणखी एक फीत कापायची होती. म्हणून ज्यांना यातलं कळत होतं त्यांच्याशिवायच कार्यक्रम सुरू झाला.

मी तेव्हा वर आंबिल करत होते. पौष्टिक अल्पोपाहार माझ्याकडे होता. पातेलं घेऊन खाली आले तर नारळ फुटला होता, आणि सासरे खुर्चीवर बसले होते, खांद्यावर शाल. 'ज्येष्ठ वृक्षप्रेमी' म्हणून त्यांचा सत्कार झाला होता. त्यांच्या हातात पूजेची पळी होती आणि ती रिकामी होती. पहिली पळी त्यांच्याच हातून लिंबाला घालून घेतली होती. त्यांच्यामागे बायका-पुरुषांची रांग. एकेक जण येत होता, पिंपातलं आंबवलेलं पाणी आळ्यात ओतत होता, डोळे मिटून नमस्कार करत होता, फोटो काढून घेत होता. पळीतलं फोटोत दिसेना, म्हणून कोणीतरी तांब्या आणला. सगळ्यांनी आपापल्या बाटल्या भरून घेतल्या. उरलं पिंपाच्या तळाशी, सालांच्या चोथ्यासकट. ते गटारात कसं ओतायचं? नारळ फुटलाय, कुंकू लागलंय. तीर्थ जसं आपण मोरीत टाकत नाही, झाडाच्या मुळाशी घालतो, तसं दोघा-चौघांनी ते पिंप उचललं आणि त्या हातभर आळ्यात उपडं केलं.

मी ओरडले. मी इतक्या जोरात ओरडले की पुढारीणबाईंनी वळून बघितलं. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, अहो प्लीज, गेस्ट आहेत." हा माणूस एमआयडीसीतल्या केमिकलच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. ॲसिडच्या पिंपांजवळ त्याची हयात गेली. त्याला समजलं नसेल असं मला कोणी सांगू नये. त्याला फक्त फोटो अर्धवट सोडायचे नव्हते.

थोड्या वेळाने ठाण्याच्या बाई पोचल्या आणि आळं बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "आत्ताच्या आत्ता चोथा काढा, भरपूर पाणी सोडा." तर अंगणातल्या नळाला कुलूप! टाकीचं पाणी झाडांना वापरायचं नाही, असा कमिटीचा ठराव होता. किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार पाहुण्यांना सोडायला गेलेले. मी आणि नवऱ्याने हातांनी चोथा उपसला, घरातल्या बादल्या खाली उतरवल्या. पण पाणी जाणार कुठे? चारही बाजूंनी सिमेंट. ते आळ्यात तुंबून राहिलं, आंबूस वास मारत. आमच्या पाठीमागे लोक थर्माकोलच्या ग्लासांतून माझी आंबिल पीत होते. "वहिनी, मस्त झालीय हां," कोणीतरी म्हणालं.

आठवड्याभरात पानं पिवळी पडली, मग गळाली. मग हिरवी लिंबं सुपारीएवढी असतानाच गळायला लागली. सासरे ती वेचून आणायचे आणि टेबलावर ठेवायचे. दुधाच्या पिशव्यांत टाकण्यासारखं काही नव्हतं. सोसायटीत चर्चा झाली, की एमआयडीसीचा धूर असेल, झाडाचं वय झालं असेल. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. त्यांनी बाजारातून लिंबू-मिरची आणून झाडाला बांधली. लिंबाच्या झाडाला विकतचं लिंबू! मला हसू आलं नाही. मी ते ओढून तोडलं आणि त्यांच्या दाराच्या कडीत अडकवून आले.

पावसाळा सरेपर्यंत झाड वाळून कोळ झालं. सोसायटीच्या सभेत मी विषय काढला. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, कोणाला दोष द्यायचा? पहिली पळी तर तुमच्या बाबांनीच घातली ना." दोन-तीन जण हसले. तो माणूस त्या वेळी माझ्या हाताच्या अंतरावर नव्हता, हे त्याचं नशीब.

पण ते वाक्य जिन्यावरून वर पोचलं. कोणाच्या तोंडून ते मला माहीत नाही. सासऱ्यांनी रात्रीच्या जेवणाला ताट पुढे सारलं आणि विचारलं, "अगं, मीच घातलं ना पहिलं?"

"बाबा, एका पळीने काही होत नाही. त्यांनी पिंप ओतलं."

"पण मी घातलं. मला विचारायला हवं होतं, काय आहे ते. मी शाल बघत बसलो."

त्यांनी ती शाल घडी करून दाराबाहेर ठेवली. दुसऱ्या सकाळी ते उतरले नाहीत. त्यानंतर उतरलेच नाहीत. गुडघे आखडले, भिंत धरून बाथरूमपर्यंत जाणं तेवढं उरलं.

मग फ्रेम आली, आणि फ्रेमच्या निमित्ताने पुन्हा कार्यशाळा. अंगणात वाळकं झाड कापून नवं रोप लावायचं होतं, आणि सेक्रेटरींचा फोन आला, की बाबांच्या हस्ते लावू, फोटो छान येईल. मी फोन ठेवून दिला. कार्यशाळेला खाली गेले, माइक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "रोप नको. तुमच्यातला कोणीही एक जण वर या. त्यांच्यासमोर बसा आणि सांगा, की बाबा, हे आम्ही केलं, तुम्ही नाही. एवढंच. त्यांना जेवण जात नाहीये." माझा आवाज चिरकला, त्याचाही मला राग आला.

कोणी फ्लेक्सकडे बघत होतं, कोणी मोबाइलकडे. "घेऊ, घेऊ, नंतर बसून बोलू," सेक्रेटरी म्हणाले. माइक माझ्या हातातून अलगद काढून घेतला गेला आणि स्लाइड सुरू झाली, मातीचं आरोग्य.

मी वर आले. सासरे खिडकीजवळ बसले होते. माइक होता, त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. तरी मी खोटं बोलले. "बाबा, ते म्हणाले, चूक त्यांची होती. सगळे म्हणाले."

"मग वर का नाही आले?"

मी म्हटलं, "तीन जिने आहेत ना. चढवत नाही म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आखडलेल्या गुडघ्यांवर हात ठेवले होते.

"मला रोज चढवायचे," ते म्हणाले. "सगळ्यांची लिंबं घेऊन."