समोरच्या दांडावरची हाळी

इथले भुताखेतांचे अनुभव मी कितीतरी दिवस वाचत आले आहे आणि, राग मानू नका, बहुतेक वेळा डब्याच्या सुट्टीत मैत्रिणींना वाचून दाखवून हसण्यासाठी. पांढरी साडी नेसलेली बाई आली की आम्ही म्हणायचो, हिला दुसरी साडी कोणी देतच नाही का? मी महाडला एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिथे नमुना पास होतो नाहीतर नापास होतो, त्याला झपाटलंय असं रिपोर्टात लिहिता येत नाही. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता... आज आहे का विचाराल तर धड सांगता येणार नाही. झालं तेवढं लिहिते.

सुरुवात कादंबरीपासून करावी लागेल. हो, मी कादंबरी लिहीत होते. हसा! जग संपल्यानंतरची गोष्ट, आभाळापलीकडून आलेलं काहीतरी अनाकलनीय, वर थोडी जादू, थोड्या तलवारी — सगळं एकाच पातेल्यात. शाळेतल्या निबंधापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नव्हतं. सुरुवातीच्या चॅप्टरांत माझा हिरो रायन नावाचा होता आणि तो कोसळलेल्या गगनचुंबी इमारतींमधून रुबाबात चालायचा. मी पाहिलेली सगळ्यात उंच इमारत पनवेलची. नवीन लिहिणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर ते टाकलं, तर एका बाईंनी विचारलं, "तुम्ही राहता कुठे? जग तिथेच का नाही संपवत?" लागलं मला ते. पण पटलंही.

मग रायनला रजा दिली आणि जग महाडात संपवलं. दासगावच्या वर आभाळाला भेग पडते, सावित्री उलटी वाहायला लागते, महाडची बाजारपेठ पाण्याखाली जाते (इथे कल्पनाशक्ती फारशी लागली नाही, कुठल्याही महाडकराला विचारा), आणि माणसं उरतात ती फक्त डोंगरावरच्या वाड्यांमध्ये. फोन बंद, रस्ते बंद. मग ती एकमेकांशी बोलणार कशी? हाळी देऊन! हे काही मला सुचावं लागलं नाही. मी तशाच वाडीत वाढले.

आमची वाडी पोलादपूरहून आंबेनळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वर, चांगला दम काढणाऱ्या चढावर आहे. आम्ही धनगर, म्हशी राखणारे. अंगणासमोर खोल घळ, घळीपलीकडे गुरं चरायचा दांड (डोंगराची सोंड), आणि त्याच्या मागे काळा कडा. अंगणातून हाळी दिली की दांडावरच्या माणसाला ऐकू जाते, आणि मागाहून कड्यावर आपटून तिचा पडसाद परत येतो. तिकडून कोणी दिली तरी तसंच, आधी माणूस ऐकू येतो, मग कडा. प्रत्येक घराची हाळी वेगळी. माझा थोरला भाऊ कोंडू, म्हणजे आमचा दादा, शेवटचा सूर वर उचलून एकदम सोडून द्यायचा, शिंक येता येता राहिल्यासारखा. आम्ही त्याला त्यावरून फार पिडायचो.

दादा आता नाही. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसात, चांदी नावाची आमची म्हैस संध्याकाळी घरी आली नाही म्हणून तो तिला शोधायला समोरच्या दांडावर गेला. तो पलीकडे पोचला असेल-नसेल, आणि इकडे चांदी वरच्या वाटेने आपली आपण येऊन दावणीला उभी राहिली. आय (आम्ही आईला आयच म्हणतो) अंगणात जाऊन हाळ्या देत राहिली, "चांदी आली रेऽऽ, माघारी फिर!" पावसाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्याची ओ आली नाही. त्याच संध्याकाळी दांडाची एक बाजू दरडीने खाली आली. दादा सापडला नाही.

सापडला नाही म्हणून आयने त्याचे दिवस घालू दिले नाहीत. देव्हाऱ्यात वाडवडिलांच्या टाकांशेजारी त्याचा टाक ठेवू दिला नाही. रडलीसुद्धा नाही. पुढे वाडीच्या मागचा डोंगर धोक्याचा आहे असं सरकारी माणसं सांगून गेली आणि एकेक घर खाली रस्त्याच्या कडेला उतरलं. चांदीसकट सगळी गुरं आम्ही विकली. आय मात्र वरच. सोबतीला शेजारचे माझे चुलते, नामाकाका. मी महाडला खोली घेतलेली होती, तिच्यासाठी खाट घेतली होती. दर रविवारी मी वर जायचे, भांडायचे आणि एकटीच खाली यायचे.

भांडून झालं की मी तिला कादंबरी वाचून दाखवायचे. मोबाईलवरून. ती तांदूळ निवडत ऐकायची आणि मध्येच सूप थांबवून असं काही विचारायची की ग्रुपवरचे सगळे समीक्षक परवडले.

कादंबरीत आभाळातलं ते... त्याला मी नाव दिलेलं नव्हतं, नुसतं 'ते'... माणसांच्या हाळ्या ऐकून शिकतं. मग मेलेल्या माणसांच्या आवाजात हाळी देतं. जो ओ देईल तो संपला. ओळखायची खूण एकच, त्याच्या हाळीचा पडसाद येत नाही. पडसाद नाही आला तर तोंड मिटून बसायचं. ही खूण सुचली तेव्हा मी स्वतःवरच इतकी खूश झाले होते की लॅबमध्ये दिवसभर गुणगुणत होते.

आयला ती खूण आवडली. बाकीचं पटलं नाही.

"त्याला भूक लागते का गो?"

"नाही आय. ते भुकेच्या पलीकडचं आहे."

"मंग हाका कशाला मारतं?"

"ते माणसाला कळूच शकत नाही. त्याचीच तर भीती असते."

"उगा कोन कोनाला हाक मारीत नाय," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागली.

आणखी एकदा तिने मला धरलं. एक बाई आपल्या मेलेल्या मुलीची हाळी ऐकते आणि पदर तोंडात कोंबून गप्प बसते, असा माझा प्रसंग होता. माझ्या मते आत्तापर्यंतचा सगळ्यात जमलेला. आय म्हणाली, "ही बाय आय नाय कुनाची. बदल ते." मी बदललं नाही. म्हटलं, तुला यातलं काय कळतंय!

हे सगळं गेल्या पावसाळ्यातलं. श्रावण सरत आला असताना नामाकाकांचा फोन आला, तुमच्या गोठ्यामागे जमिनीला भेग गेली आहे, मी आता थांबत नाही, तू येऊन आयला घेऊन जा. मी रविवारची वाटही पाहिली नाही. पोचले तेव्हा काका शेवटचं बोचकं डोक्यावर घेऊन उतरत होते. भेग पाहिली. माझा हात मनगटापर्यंत सहज आत गेला.

"आज मी तुला उचलून नेईन," मी म्हटलं.

"ने. मी काय नको म्हनते?" ती म्हणाली, पण जागची हलली नाही. मी तिची दोन लुगडी, देव, औषधं असं पिशवीत भरत होते आणि ती उंबऱ्यावर बसून समोर पाहत होती. धुकं एवढं दाटलं होतं की दांड दिसतच नव्हता. पाऊस थांबला होता. दिवस मावळायला थोडा अवकाश होता, गुरं परतायची वेळ. म्हणजे पूर्वी परतायची ती.

"आय, ऊठ. उजेडात उतरू."

"कोंडूनं हाळी दिली, नि वाडीत कोनच नसंल तर?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती इतकी वर्षं कशासाठी थांबली होती. मला वाटायचं घरासाठी, हट्टासाठी. माझ्या हातातली पिशवी जड झाली. दादा नाही, तो येणार नाही, हे वाक्य मी तिच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं आणि त्या क्षणीही जमलं नाही. मी नुसती तिच्या शेजारी बसले.

आणि समोरून हाळी आली.

"आये गोऽऽऽ!"

शेवटचा सूर वर उचललेला. एकदम सोडलेला.

माझ्या अंगावर काटा आला वगैरे काही नाही. आधी तर मला साधं बरं वाटलं, घरातलं माणूस हाक मारतंय म्हटल्यावर वाटतं तसं. मग डोकं चालायला लागलं. आणि मी वाट पाहायला लागले... कड्याची.

कडा बोलला नाही.

मी आयचं मनगट घट्ट पकडलं. ती उभी राहिली होती. पुन्हा हाळी आली, या वेळी शब्द स्पष्ट.

"चांदी आली काऽऽऽ?"

पुन्हा पडसाद नाही. जिथे पडसाद यायला हवा तिथे नुसतं पाणी ठिबकत होतं, वळचणीचं. मी "आय, नको" असं म्हणाले. मोठ्याने म्हणाले की मनात, आता आठवत नाही. तिने माझा हात सोडवला, अगदी हळू, लहानपणी पदर सोडवून कामाला जायची तसा. अंगणाच्या कडेला गेली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन ओरडली,

"आली रेऽऽऽ! कवाच आली! आपली आपन आली! तू नको हुडकू आताऽऽ!"

तिच्या हाळीचा पडसाद आला. कड्यावरून अगदी स्वच्छ परत आला, नको हुडकू आता. मग शांत. मग समोरून एकच, दादा नेहमी द्यायचा तशी, ऐकलं म्हणून सांगणारी छोटीशी "ओऽ". बस्स.

आय तिथेच चिखलात बसली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते. मी तिला धरून बसले होते आणि मीही रडत होते. तो गेल्यापासून आम्ही दोघी त्याच्यासाठी एकत्र अशा कधी रडलोच नव्हतो. थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं, चूल विझलीय का पाहिलं, दाराला कडी घातली आणि म्हणाली, "चल." वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आता तुमचे प्रश्न मला माहीत आहेत. रेकॉर्डिंग का नाही केलं? मोबाईल पिशवीत होता आणि मी आयच्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून. पलीकडे कोणी गुराखी असेल? दांडावर आता गुरं जात नाहीत, वाटच तुटली आहे. तरी खालच्या गावात मी विचारून आले, त्या दिवशी कोणी गेलेलं नव्हतं. नामाकाका तेव्हा निम्म्या उतारावर होते. त्यांनी आयची हाळी ऐकली, दुसरी कुठलीच नाही. धुक्यात पडसाद दबतो म्हणावं, तर आयचा कसा आला? कादंबरी डोक्यात बसल्यामुळे मला भास झाला म्हणावं, तर आयने उत्तर कोणाला दिलं? आणि हो, त्यानंतर वाडीवर दरड कोसळली आणि आम्ही वाचलो, असंही काही झालेलं नाही. घर अजून उभं आहे.

आय आता महाडला माझ्याकडे असते. खाली आल्यावर तिने स्वतः दिवस ठरवून दादाचं सगळं करवून घेतलं आणि बाजारात जाऊन त्याचा टाक घडवून आणला. पडसादाचा विषय मी तिच्याकडे काढला नव्हता. म्हटलं, तिला आपला मुलगा भेटला, भेटू दे.

परवा ती शेंगा सोलत बसली होती. मला म्हणाली, तुझी गोष्ट कुठवर आली? मी म्हटलं, बंद आहे. पुढचं सुचत नाही.

"पडसाद नाय आला म्हनून?"

मी हातातला कप खाली ठेवला. "तुला... कळलं होतं?"

"मला काय कान नायत? तूच तर वाचून दाखवलंस."

"मग ओ कशी दिलीस आय? तो दादा नसला तर? दुसरंच काही असलं तर?"

तिने हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाली,

"असंल. कोन बी असंल. कोंडू गेला तवा समदी आली माज्याकडं. पंचनाम्याला आली, रडाया आली, फोटो काढाया आली. ज्या म्हशीपायी माजा पोर गेला, ती घरी आली का, ह्ये एकानं नाय विचारलं. त्यानं विचारलं. मंग मी गप कशी ऱ्हावू?"

मला अजून काही उलगडा झालेला नाही. त्या धुक्यात दादा असेल, तर तो इतके पावसाळे एकटा भिजत फिरत होता. आणि तो नसेल तर काय होतं, हे लिहायला माझी बोटं धजत नाहीत, आणि म्हणे मी कादंबरी लिहिणार होते. तुमच्यापैकी कोणाला काही ठाऊक असेल तर जरूर सांगा, मी वाचेन. आयला विचारायला मात्र येऊ नका. तिने तिचं उत्तर दिलेलं आहे.