लुसेआनेच्या भुवया

लुसेआने भित्री होती, हे आधीच सांगून टाकते. हल्ली गावात तिच्याबद्दल जे चढवून सांगतात ते ऐकून माझे कान विटलेत. म्हणे लहानपणापासूनच धीट. कसली धीट? मी शिकवायचे त्या वर्गात होती ती. उत्तर येत असलं तरी बाकाखाली काहीतरी शोधायची. तशी आमच्याकडची सगळीच पोरं मुखदुर्बळ. ‘समजलं का’ विचारलं की वर्गभर भुवया वर जात, तोंड एकाचंही उघडत नसे. भुवया वर म्हणजे हो. मोठ्या माणसासमोर त्याहून जास्त आवाज करणं उद्धटपणाचं.

पाण्यात मात्र ही वेगळीच. थंडीत आमच्या वावाउच्या बेटांमध्ये देवमासे पिल्लं घालायला आले, की पाहुण्यांच्या बोटीवर ती कामाला जाई. बोटीएवढी मादी समोर असली तरी तिच्या डोळ्यासमोर निवांत तरंगत राही. “देवमासे प्रश्न विचारत नाहीत ना, म्हणून,” तिची आई हेपिसिपा म्हणायची. हेपिसिपा झाडाची साल कुटून कापड करते. तिच्या मोगरीचे ठोके अख्ख्या आळीला ऐकू जातात.

अमेरिकेचं खूळ माझं. देवमाशांवर शिकायचं असं पोरगी एकदा पुटपुटली आणि मी तेवढंच धरून बसले. परदेशी मुलांचा सगळा खर्च उचलणारी विद्यापीठं थोडी, आणि नेमकी तीच मोठ्या नावाची, जिथे हजारो हुशार पोरं धडका देतात. पाच ठिकाणी अर्ज करायचं ठरलं. स्वतःबद्दल निबंध लिहायचा होता. पोरीनं काय लिहावं? ‘मी विशेष कुणी नाही, माझ्याहून हुशार मुलं आमच्या बेटावर पुष्कळ आहेत.’ मी तो फाडला. ती रडली, म्हणाली, “बाई, स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कौतुक कसं करू? आई काय म्हणेल?” मी म्हटलं, आई इंग्रजी वाचत नाही, लिही.

मग एका विद्यापीठाकडून मुलाखतीचा निरोप आला. तिथेच शिकलेली बॉस्टनची एक म्हातारी, मिसेस ऑल्डन, फोनवर बोलणार होती. आमच्याकडच्या इंटरनेटवर चित्र टिकत नाही, म्हणून नुसता आवाज. मी खोलीत बसले तर चालेल, पण मध्ये एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

त्या सकाळी माझ्या घरी लुसेआने आली ती घामानं निथळत. हेपिसिपानं आळीतल्या बायकांना कुटणं थांबवायला लावलं होतं आणि स्वतः माझ्या पायरीवर बसली होती. अशी शांतता मी या आळीत एखाद्या मयतालाच ऐकली होती.

सुरुवात बरी झाली. नाव, शाळा, गाव. पोरीचा आवाज कापत होता, पण निघत होता. मग मिसेस ऑल्डननी विचारलं, “तू खरंच त्या देवमाशांजवळ पोहतेस?”

लुसेआनेनं भुवया उंचावल्या.

फोनमध्ये सुंss असा आवाज. मी मनात म्हटलं, छान, पुढे विचारा.

“ऐकू येतंय ना तुला?”

पुन्हा भुवया वर. मीसुद्धा माझ्या उंचावल्या, आता बोला. पलीकडून सुस्कारा ऐकू आला. “घर सोडून इतक्या लांब यायचं आहे का तुला? की दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून हे चाललंय?”

पोरीच्या भुवया जवळजवळ केसांना भिडल्या. डोळ्यांत पाणी, ओठ गच्च मिटलेले. मिसेस ऑल्डन हळूच म्हणाल्या, “हे बघ, नको असेल तर त्यात वाईट काही नाही. आपण इथेच थांबू.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या बाईला दिसत काहीच नव्हतं. आणि मला बोलायची बंदी. मी उठले आणि लुसेआनेच्या कपाळावर तळहात दाबून धरला, दोन्ही भुवयांवर. ती दचकली. उचलायला गेली, उचलेनात. माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

“हो,” ती म्हणाली. मग एकदम, “हो, हो, सगळ्यांना हो. मी मघापासून सांगतेय. आम्ही भुवयांनी सांगतो. तुम्हाला दिसत नाही हे विसरले मी. मला यायचंय.”

आणि फोन कट झाला.

मिसेस ऑल्डननी कितपत ऐकलं, कुणास ठाऊक. आम्ही तिघी त्या काळ्या यंत्राकडे बघत बसलो. हेपिसिपा आत आली होती.

फोन पुन्हा वाजला. मिसेस ऑल्डननी सुरुवातीलाच सांगितलं, “आता मी सगळं पुन्हा विचारते. तुझ्या भुवया धरून ठेव.”

चार ठिकाणांहून नकार आला. या एकानं घेतलं.

निघताना पोरगी बोटीच्या धक्क्यावर, आमच्याकडे मोठ्या प्रसंगी गुंडाळतात तशी नवी चटई कमरेला गुंडाळून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. समोर तोच समुद्र, पण त्याच्याकडे बघत नव्हती. हेपिसिपानं विचारलं, “भीती वाटते?”

भुवया वर गेल्या.

“तोंडानं सांग,” हेपिसिपा म्हणाली. “तिथून मला दिसायची नाहीस तू.”

“हो,” लुसेआने म्हणाली. “खूप.”