बेटाच्या मालकाचं रेशनकार्ड

विषय : समुद्रातल्या बेटावर कंपनी असलेल्या इसमास पिवळं रेशनकार्ड परत मिळणेबाबत.

संदर्भ : सदर इसमाचा अर्ज, आणि त्यानंतर कचेरीसमोरच्या हॉटेलात झालेली तोंडी चर्चा.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येतं की, किस्से फायलींसारखेच साठतात. येतात तेव्हा कुणी ढुंकून बघत नाही आणि एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर! मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. कचेरीचं नाव सांगत नाही. सांगितलं नाही की प्रत्येकाला ती आपलीच वाटते.

माझ्या कपाटातले निम्मे किस्से एकट्या नागनाथशेटचे आहेत. सोयाबीनचे मोठे व्यापारी. कळंबच्या बाजारापासून तुळजापूरच्या लॉजपर्यंत त्यांचं काही ना काही होतंच. फक्त त्यांच्या नावावर काही नव्हतं. बंगला सासूबाईंच्या नावावर, गोदाम मुनिमाच्या, लॉज मेव्हण्याच्या आणि गाडी ज्ञानोबा ड्रायव्हरच्या.

"नाव लागलं की नजर लागती, भाऊसाहेब," ते म्हणायचे. नजर म्हणजे टॅक्सवाल्यांची, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

*

एकदा शेट आले ते धाकट्या मुलाच्या कॉलेजची फी माफ व्हावी म्हणून उत्पन्नाचा दाखला मागायला. तलाठ्यानं रीतसर चौकशी केली. घर नाही, दुकान नाही, वाहन नाही, जमीन नाही. नियमानं माणूस कफल्लक! दाखला तयार झाला. तो न्यायला शेट एवढी लांब गाडी घेऊन आले की पुढचं चाक कचेरीच्या आवारात आणि मागचं रस्त्यावर.

साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "शेट, परिस्थिती फारच बिकट दिसते. लोकवर्गणी काढू का?"

शेट गंभीरपणे म्हणाले, "काढा की. फकस्त पावती माझ्या नावानं नको."

*

शेटचं कुत्रं आमच्या तलाठ्याला चावलं. तलाठी लंगडत बंगल्यावर गेला. इंजेक्शनचा खर्च मागितला.

शेट म्हणाले, "कुत्रं सासूबाईचं हाय."

सासूबाई आतून ओरडल्या, "आन् दात?"

*

या सासूबाई तेरच्या. बाई ऐंशीच्या पुढच्या, पण बंगल्याचा कागद त्यांनी नातीकडून तीनदा वाचून घेतला होता. जावयानं एकदा त्यांच्या माहेरच्यांना नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी बाई रिक्षा करून कचेरीत हजर. "भाऊसाहेब, भाडेकरू ठिवायचा हाय. कागद कसा करत्यात?"

"भाडेकरू कोण?"

"जावई!"

कागद झाला. त्यातली एक अट मला अजून पाठ आहे : 'भाडेकरूने झोपाळ्यावर बसण्यापूर्वी मालकिणीची परवानगी घ्यावी.' शेटनी सही केली. न करून सांगणार कुणाला? घर त्यांचं नाही, हे तर ते सगळ्या कचेऱ्यांना लेखी देऊन बसलेले!

*

यातून शहाणं व्हायचं सोडून शेटनी पुण्याचा एक सल्लागार गाठला. त्यानं सांगितलं, समुद्रात एक बेट आहे, तिथं टॅक्सच नाही. तिथं कंपनी काढायची, तिच्या खात्यात पैसा ठेवायचा. शेटनी हे हॉटेलात आम्हाला हळू आवाजात सांगितलं. म्हणजे फक्त चार टेबलांना ऐकू गेलं.

हॉटेलवाला म्हणाला, "तिकडं एसटी जाती का?"

"तिकडं कुणीच जात न्हाय. त्योच तर फायदा!"

कंपनीला मालक हवा. शेटनी नेहमीप्रमाणं ज्ञानोबाला हाक मारली. ज्ञानोबा पन्नाशीचा, गरीब माणूस. मांजरा धरणापेक्षा मोठं पाणी त्यानं बघितलेलं नव्हतं. शेटनी दाखवलं तिथं त्यानं सही केली. त्याचा पासपोर्ट निघाला. तो त्यानं देव्हाऱ्यात ठेवला आणि बायकोला सांगितलं, "शेट विमानानं नेणार वाटतं." शेटनी त्याला लातूरला नेलं. गाडी ज्ञानोबानंच चालवली.

*

मग एके दिवशी टॅक्सचं पथक आलं. शेटना अर्धा तास आधी कळलं होतं. साहेब लोक आत शिरले तेव्हा शेट फाटका बनियन घालून जमिनीवर बसले होते. पुढ्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा.

"तुमच्या नावावर काय काय आहे?"

"फकस्त डायबेटिस, साहेब."

"आणि बेटावरची कंपनी?"

शेटनी खिडकीकडं बोट केलं. बाहेर ज्ञानोबा गाडी पुसत होता. "मालक ते आहेत." वीस वर्षांच्या नोकरीत ज्ञानोबाला शेटच्या तोंडून पहिल्यांदा 'ते' मिळालं!

ज्ञानोबाला आत बोलावलं. साहेबांनी खुर्ची दिली. त्यानं आधी फडक्यानं खुर्ची पुसली, मग टेकला.

"कंपनी तुमची?"

ज्ञानोबानं शेटकडं बघितलं. शेटनी मान हलवली. "व्हय."

"काय काम चालतं तिथं?"

"रोज सकाळी धुतो, साहेब."

*

पथक कागद घेऊन गेलं. पुढच्या महिन्यात ज्ञानोबा रेशनच्या दुकानात गेला. मशीनवर अंगठा ठेवला. दुकानदारानं यादी बघितली आणि उभा राहिला. "तुमचं कार्ड बंद झालं. चारचाकी एक, परदेशी कंपनी एक."

ज्ञानोबाला वाटलं, दुसऱ्याचं वाचतोय.

घरात खाणारी सहा माणसं, आणि सगळं त्या कार्डावरच्या धान्यावर. शिवाय त्याच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच कार्डावर फुकट व्हायचं होतं. तारीख मिळालेली, ती गेली. तो शेटकडं गेला. शेट म्हणाले, "चार दिस कळ काढ." चाराचे चाळीस झाले. तेव्हा तो माझ्याकडं आला. आता ऊन की सावली एवढंच बायकोला कळतं, म्हणाला.

मी विचारलं, "ज्ञानोबा, खरं काय ते लिहू, की कागदावर आहे ते?"

त्यानं फडक्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "दोनी लिवा. त्यांना आवडंल ते घेतील."

आजवर मी लिहिलेल्या अर्जांत हा सर्वोत्तम. मजकूर असा : 'मी सदर कंपनीचा मालक असल्यास, तिच्या खात्यातील सर्व रक्कम माझ्या गावच्या खात्यात जमा करावी, मी रेशनकार्ड आनंदाने सोडतो. मी मालक नसल्यास, खरा मालक कोण हे नागनाथशेट यांचेकडून लेखी घ्यावे व माझे कार्ड चालू करावे. दोन्हीपैकी कोणत्याही निर्णयास माझी हरकत नाही.' खाली : प्रत माहितीसाठी, टॅक्स ऑफिस. प्रत, नागनाथशेट.

प्रत मिळाली त्याच दिवशी शेट माझ्या घरी आले. पायी. घामाघूम.

"गाडी कुठंय?" मी विचारलं.

"ज्ञानोबाच्या दारात. म्हणतो, मालकी माझी हाय, आन् ती आज कुटं जाणार न्हाय!"

ज्ञानोबा माझ्याच ओसरीवर बसलेला होता. शेट त्याच्याकडं वळले. "अरे, अर्ज माघारी घे. गव्हाचं पोतं धाडतो."

ज्ञानोबा उठून उभा राहिला. सवयच ती. पण म्हणाला, "शेट, पोत्याची पावती कुणाच्या नावानं?"

कचेरीनं शेटकडून लेखी खुलासा मागवला : कंपनी कुणाची, एका ओळीत कळवावे. शेटनी दोनदा मुदतवाढ घेतली. तिसऱ्यांदा खुलासा आला, पण खाली सही मुनिमाची. तो परत पाठवण्यात आला आहे.

गाडी अजून ज्ञानोबाच्या दारात आहे. टपावर कोंबड्या बसतात. शेट एसटीनं फिरतात, ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ध्या तिकिटात. ते सवलतीचं कार्ड मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे.

ज्ञानोबाचा अर्ज आजमितीस प्रलंबित आहे.