तिसरा फोन

त्या जोडप्याचा जकार्ताहून फोटो आला की मला अजून शिसारी येते. परवा पुन्हा आला. बाल्कनी, मागे उंच इमारती, टेबलावर चहा, आणि कपांशेजारी ते दोन फोन, मुद्दाम मांडल्यासारखे. खाली लिहिलं होतं, 'आता सगळं सेट झालं. तुमच्यामुळे!' पुढे जोडलेले हात. आणि मी काय करावं? मी लगेच लाल हृदय पाठवलं. शी! हे माझं बोट आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

सुरुवात आमच्या घरापासून करते, कारण घाण तिथंच आहे, जकार्ताला नाही.

सिंगापुरात वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाच वर्षं एक जावानीज, म्हणजे इंडोनेशियातली बाई राहत होती. सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा नवऱ्यानं त्यांना साताऱ्याहून इकडे आणलं आणि त्यांच्यासाठी आम्ही एजन्सीतून हेल्पर घेतली. चाळिशीची, बुटकी, हसली की डोळे गायब. सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि हिंदी त्या बोलत नाहीत, हट्टानं. मग या बाईनंच मराठी उचलली. मला 'ताई', त्यांना 'आजी'. वर्षभरात 'काय ओ, जेवला न्हाय का अजून?' असं थेट साताऱ्याचं बोलायला लागली. पाहुण्यांसमोर आम्ही तिला मुद्दाम बोलायला लावायचो. सगळे हसायचे, टाळ्या वाजवायचे. मग आमच्यातलं कुणीतरी म्हणायचं, "आम्ही तिला अगदी घरच्यासारखं वागवतो हं." हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की आता दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं तरी कानाला घाण लागल्यासारखं वाटतं.

दुपारी चार वाजता व्यायाम असायचा. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं, उजवा हात रोज वीस वेळा वर न्यायचा, नाहीतर खांदा कायमचा आखडेल. सासूबाई कुणाचंच ऐकायच्या नाहीत. माझा नवरा म्हणाला, "आई, प्लीज," तर म्हणायच्या, "तू तुझं हापिस बघ." मी जवळ गेले तर डोळे मिटून घ्यायच्या. पण ती समोर स्टूल घेऊन बसली की हात उठायचा. ती मराठीत मोजायची. सात झाले की रोज न चुकता म्हणायची, "नऊ." सासूबाई खवळायच्या. "आठ कुठं गेला? ऐतखाऊ मेली, काम चुकवतीस?" आणि तिला दाखवायला आठवा हात जरा जास्तच वर न्यायच्या. ती मान खाली घालून हसायची. पाच वर्षं हा एकच विनोद, आणि त्या विनोदावर तो हात कानापर्यंत जायला लागला होता.

यंदा तिची आई आजारी पडली. ती कायमची गावी जायची म्हणाली. आम्ही काय बोलणार? सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलाला बोलावून म्हणाल्या, "हिला चांगला फोन घेऊन दे. मोठा पडदा असलेला. रोज चारला माझ्यासमोर दिसली पाहिजे. तिकडं बसून मोजंल." तिचा जुना फोन फुटका होता, दोऱ्यानं बांधलेला. नवऱ्यानं नवा आणला, जुना टाकून दिला. सासूबाईंनी खोक्याला डाव्या हातानं हळदकुंकू वाहिलं, देवापुढं ठेवला आणि मग तिच्या ओटीत घातला. ती रडली, सासूबाईंनी तिला "रडतीस काय, येडी" म्हणून शिव्या घातल्या. मी व्हिडिओ काढला. आम्ही किती चांगले, ते दाखवायला कुणाला तरी हवाच ना!

आता नियमाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंडोनेशियात बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर चालवायचा असेल, तर विमानतळावर उतरल्या उतरल्या कस्टम्समध्ये नोंदवावा लागतो. प्रत्येक फोनच्या पोटात एक लांबलचक नंबर असतो, तो त्यांच्या यादीत चढला नाही तर काही दिवसांनी नेटवर्क बंद. माणशी दोनच फोन. परदेशात राबून परत येणाऱ्या कामगारांना त्यात सवलत मिळते, बाकीच्यांच्या महागड्या फोनवर कर बसतो. हे सगळं मीच शोधून काढलं होतं. ऑनलाइन फॉर्म माझ्या फोनवर भरला, नंबर दोनदा ताडून पाहिला, आलेल्या क्यूआर कोडचा प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. "ताई, तुम्ही किती करता," ती म्हणाली. मला केवढं बरं वाटलं!

आणि त्याच आठवड्यात ते जोडपं जेवायला आलं.

ते गृहस्थ इथंच, पाया लेबारला, माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात. बढती मिळून जकार्ताला निघाले होते आणि आता माझ्या नवऱ्याचा वरिष्ठ म्हणजे तेच. पुण्याचे, आपलेच. आमच्या बाईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. पहिला घास घेऊन त्यांची बायको म्हणाली, "अगं बाई! हिला आम्हीच घेऊन जातो जकार्ताला!" सगळे हसले. बोलता बोलता निघालं की दोघांचं आणि हिचं विमान एकच. "वा, तिला सोबत झाली," आम्ही म्हणालो. मग फोनचा विषय निघाला. मीच काढला, माझी हुशारी सांगायला. गृहस्थांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तिच्या पासपोर्टवर दोन फोनना कर नाही? मग एक जागा मोकळीच आहे की!" त्यांनी नुकताच नवा घेतला होता, सगळ्यात महागातला. मी म्हटलं, "हो की, त्यात काय. एक तुमचा, एक तिचा." तिला विचारलंसुद्धा नाही. ती तूप वाढत होती.

एवढा पगार, कंपनीचं घर, कंपनीची गाडी, आणि फोनवरचा कर वाचवायला मोलकरणीचा पासपोर्ट! तेव्हा मला हे दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण म्हटलं, जाऊ दे, एकच तर आहे.

चांगी विमानतळावर आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. सासूबाई व्हीलचेअरवर घरीच राहिल्या, त्यांच्यापाशी शेजारीण बसली होती. निघताना त्यांनी हिला एवढंच बजावलं, "चारला. इसरलीस तर बघ." ती म्हणाली, "आजी, साडेतीनलाच हात गरम करून ठेवा."

काउंटरसमोर ट्रॉलीपाशी ते गृहस्थ नवा फोन घेऊन आले. मी फॉर्म उघडला, त्यांचा नंबर घातला. एवढ्यात त्यांच्या बायकोनं पर्समधून दुसरा काढला. सोनेरी. "हा माझा. यांच्याबरोबर मलाही घेतलाय, ॲनिव्हर्सरीचा. यालाही बसवा ना त्यातच."

मी म्हटलं, "दोनच होतात."

"हो ना, दोनच," ती म्हणाली. "हे दोन."

मला वाटलं तिला कळलं नाही. कळलं होतं. गृहस्थ हसत म्हणाले, "तिचं काय हो, तिचा देशच आहे तो. तिला नंतर कधीही करता येईल. आम्हाला परक्या गावात कुठं शोधत बसायचं?" मला माहीत होतं की असं नसतं. नंतर करायचं तर सवलत जाते, वर कस्टम्सच्या ऑफिसात खेपा, आणि तिच्या गावाहून ते ऑफिस दिवसभराच्या बसवर. मी स्वतः वाचलं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताला लावलेल्या पाट्या वाचत होता, जणू आयुष्यात पहिल्यांदाच विमानतळ पाहतोय. त्याचा वरिष्ठ, आणि निरोपाची वेळ! वाईटपणा कोण घेणार? आपल्यात हा एक रोग आहे. भीड म्हणतात त्याला, आणि वर संस्कार म्हणून मिरवतात. समोरचा डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या ताटातलं उचलत असतो आणि आपण "असू दे, असू दे" म्हणतो, कारण ताट आपलं नसतं.

मी तिचा नंबर पुसला. माझ्या फोनवर, माझ्या अंगठ्यानं. त्या बाईनं सोनेरी फोनवरचा नंबर मोठ्यानं वाचला आणि मी तो घातला. नवा कोड आला, तो मी गृहस्थांच्या फोनवर पाठवला. प्लास्टिकच्या फोल्डरमधला जुना कागद काढून मी चुरगळला.

ती शेजारीच उभी होती. नवा फोन छातीशी, ओटीत घातला होता तसाच, खोक्यासकट. तिनं सगळं पाहिलं. हळूच म्हणाली, "ताई, माझा?"

"तुझा नंतर होईल गं," मी म्हटलं. "तुझंच गाव आहे ते."

तिनं मान हलवली. मालकिणीसमोर हलवतात तशी. पाच वर्षांत तशी तिनं कधीच हलवली नव्हती, आणि मला ते तेव्हाच समजलं.

जकार्ताला कस्टम्सच्या रांगेत ती त्या दोघांचे फोन घेऊन उभी राहिली. ते बाहेर कॉफी पीत होते, हे त्यांनीच नंतर कौतुकानं सांगितलं. "बाई प्रामाणिक आहे हो तुमची. फोन हातात आणून दिले."

पहिले काही दिवस चारचा फोन आला. तिच्याजवळ सिंगापूरचं सिम शिल्लक होतं, त्यावर चालला. कोंबड्यांच्या आवाजात ती मोजायची, सात, नऊ, आणि सासूबाई इकडून ओरडायच्या. मला वाटलं, चला, निभावलं. मग ते सिम संपलं. तिनं तिथलं घातलं आणि फोन गप्प झाला; तिच्या गावात वायफाय कुठलं! एक दिवस, दोन दिवस, आठवडा. सासूबाई साडेतीनलाच टॅबलेट मांडीवर घेऊन बसायच्या. हातावर डाव्या हातानं तेल चोळून ठेवायच्या. सव्वाचारला म्हणायच्या, "बस चुकली असंल." पाचला तेल पुसून टाकायच्या. नव्या हेल्परनं हात धरायचा प्रयत्न केला तर तिच्या अंगावर गेल्या.

मी त्या गृहस्थांना मेसेज केला. तिच्या फोनचं काही करता येईल का, तुमच्या ऑफिसातून कुणी? उत्तर आलं, "हो हो, बघतो." नंतर पुन्हा विचारलं तर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मग बाल्कनीचा पहिला फोटो आला. नवरा म्हणाला, "आता फार मागे लागू नकोस, बरं दिसत नाही." मी त्याच्यावर खेकसले, पण मागे लागले नाहीच. बरं दिसत नव्हतं ना!

फिजिओथेरपिस्ट आली तेव्हा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तिनं जोर लावला तर सासूबाई किंचाळल्या.

शेवटी एका रविवारी फोन आला, अनोळखी नंबरवरून. तिच्या चुलत बहिणीचा फोन होता, दुसऱ्या गावातला. ती बहिणीकडे बस बदलून आली होती. सासूबाईंनी चेहरा दिसताच तोंडाचा पट्टा सोडला. "कुठं मेली होतीस? माझा हात लाकूड झाला बघ! एवढा फोन दिला तुला, देवापुढं ठिवून दिला, त्याचं काय केलंस?"

मी त्यांच्या मागे उभी होते. कॅमेऱ्यात दिसत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. वाटलं, आता सांगणार. सांगावंच, असंही वाटलं.

"माझंच चुकलं, आजी," ती म्हणाली. "विमानतळावर लिहून द्यायचं असतंय, मी इसरले. फोन बंद झाला. तो दुरुस्त होत नाही."

"इसरलीस?" सासूबाईंचा आवाज फाटला. "ताईनं सगळं करून दिलेलं की तुला! कागद दिला, पिशवी दिली. एवढं एक काम धड होईना तुला? निष्काळजी मेली!"

"हो, आजी," ती म्हणाली.

मग तिनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन. हात उठेना. पाचपर्यंत कसाबसा हलला. बहिणीला फोन हवा होता, मागून कुणीतरी हाक मारली. "आता कधी?" सासूबाईंनी विचारलं. "बघते, आजी," ती म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

सासूबाईंनी टॅबलेट मांडीवरून बाजूला सारला. मग तेलकट हात पदराला पुसत म्हणाल्या, "पण ती इसरणारी न्हवती गं. पाच वर्षांत माझी एक गोळी चुकली न्हाई तिच्याकडनं."

मी टॅबलेट उचलला, चार्जिंगला लावला आणि म्हटलं, "गडबडीत विसरली असेल, आई."