अर्धवट आलेले अपडेट

प्रबुद्ध खरात मूळचा कोरेगावचा. साताऱ्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत तो संगणकावर याद्या, पत्रिका छापून द्यायचा. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने लिनक्स बसवले होते, आणि तेही रोज बदलत राहणारे. "आजी, याच्या नव्या आवृत्तीची वाट बघायची नसते. जे सुधारतं ते लगेच फोनच्या लायनीवरून, इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं. फक्त सगळं एकदम जुळून आलं पाहिजे," असे तो सांगे. सकाळी अपडेट केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

रविवार, १४ नोव्हेंबर १९९९. दुपारी बाराला माजी सैनिकांच्या गृहनिर्माण सोसायटीची निवडणूक होती. सभासदांची यादी प्रबुद्धच्या संगणकात होती. सव्वादहाला सांगलीच्या बहिणीशी बोलावे म्हणून मी स्वयंपाकघरातला फोन उचलला. कानात कर्कश खरखर आली. माझा आणि त्याच्या खोलीतला, दोन्ही फोन एकाच लायनीवर आहेत, हे मी विसरले होते. त्याचे अपडेट मध्येच तुटले. त्याने थांबायला हवे होते. पण घाईत त्याने आले होते तेवढेच जबरदस्तीने बसवले. सगळ्यांच्या मुळाशी असलेली फाइल नवी, तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम जुने. एकही सुरू होईना.

अकराला सोसायटीचे चेअरमन, निवृत्त हवालदार नानासो आले. हातात वेताची काठी.

"यादी कुठं हाय रं?"

"अपडेट अडकलंय. थोडा वेळ द्या."

"मतदान अडकवायला कुणी सांगितलं? त्या सयाजीनं?" सयाजी त्यांच्या विरोधात उभा होता.

"माझीच चूक झाली," प्रबुद्ध म्हणाला. माझे नाव त्याने घेतले नाही.

पहिला फटका तोंडावर बसला, ओठ फाटला. दुसरा त्याने उजव्या हातावर झेलला. बोट मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. नानासोंनी त्याला कॉलर धरून भिंतीवर आपटले आणि काठी पुन्हा उगारली.

"फोन मी उचलला," मी म्हणाले. "मारायचं तर मला मारा."

त्यांनी काठी टेबलावरच्या फोनवर घातली. तो फुटेपर्यंत घातली.

"बाई, रिकाम्या हातानं मी जाणार न्हाई."

कॉन्व्हेंटमध्ये मी टायपिंग शिकले होते. प्रबुद्ध रक्त गिळत एकेक अक्षर सांगत गेला, मी बोटे चालवत गेले. सीडीवरून संगणक सुरू केला, जुनी फाइल परत बसवली. बाराला दहा मिनिटे कमी असताना प्रिंटर खरखरू लागला.

नानासोंनी पहिला कागद उचलला. त्यांच्याच नावावर रक्ताचा थेंब पडला होता. ते अंगठ्याने पुसू लागले.

"पुसू नका," प्रबुद्ध म्हणाला. "शाई पसरंल."