मलपृष्ठावरचा नंबर

स्वतःच्या खर्चाने काढलेली पुस्तकं वाचणाऱ्यांकडे पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पुस्तकं निदान कपाटात मावतात! आमचा कंपू तिघांचा: मी, माझी बायको सुनंदा आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले देसले. रविवारी सकाळी आमच्या गॅलरीत चहा घ्यायचा आणि कुणी नावही न ऐकलेल्या लेखकाचं एक पान मोठ्याने वाचायचं. गेल्या वर्षी सुनंदा गेली. आता आम्ही दोघंच बसतो. वाचन कमी होतं, किस्सेच निघतात.

*

पान मधलंच वाचायचं, हा सुनंदाचा नियम. एकदा देसल्यांनी हट्टाने एक कवितासंग्रह पहिल्या पानापासून वाचायला घेतला. पुढाऱ्यांच्या शुभेच्छा, मुख्याध्यापकांची प्रस्तावना, व्याह्यांचे दोन शब्द, मग आभार. चहा संपला तरी कविता येईना!

"वहिनी, मुहूर्त टळला, अजून पाहुण्यांना फेटेच बांधतायत!" देसले म्हणाले.

"म्हणून तर मधलं उघडायचं," सुनंदा म्हणाली. "तिथवर सगळे पाहुणे गेलेले असतात. लेखक एकटाच उरतो."

मधली कविता खरंच चांगली होती.

*

पान आवडलं की लेखकाला फोन करायचा. अशा पुस्तकांच्या मलपृष्ठावर मोबाईल नंबर असतोच. सिडकोतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना सुनंदाने फोन लावला.

"नमस्कार, मी तुमचं पुस्तक वाचलं. फार आवडलं."

पलीकडून करडा आवाज, "हे बघा बाई, मी ओटीपी देणार नाही!" फोन कट.

आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, "वाचलं म्हणून सांगणारा चोरच वाटावा, म्हणजे कुणाचा फोनच आला नसेल ना रे त्यांना?"

*

पंचवटीत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर देसल्यांनी एक पातळ कादंबरी उचलली. आत 'सप्रेम भेट' आणि लेखकाची सही.

"एकदम कोरं आहे साहेब," गाडेवाला म्हणाला, "उघडलंसुद्धा नाही कुणी!"

शेजारच्या गृहस्थांनी हात पुढे केला. "द्या ते मला."

मलपृष्ठावरचा फोटो त्यांचाच होता. देसल्यांनी पुस्तक सोडलं नाही. "आधी मी घेतलंय, काका. मला वाचायचंय!"

गृहस्थ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग खिशातून पेन काढलं. "नाव काय लिहू?"

*

निफाडकडच्या एका शेतकऱ्याचं, अण्णांचं, आठवणींचं पुस्तक मात्र सुनंदाने मधलं पान वाचून थेट पहिल्यापासून सुरू केलं. त्यांचं घर, द्राक्षबाग, आणि वडिलांशी भांडून निघून गेलेला धाकटा भाऊ बापू. काही वर्षांनी तो एका पहाटे परत येऊन फाटकाशी उभा राहतो. वडील ओट्यावर बसलेले. तिने उत्सुकतेने पान उलटलं, तर मागचीच पानं पुन्हा! बाइंडिंगमध्ये सोळा पानांचा एक फॉर्म दोनदा लागला होता आणि पुढचा गायब. त्यानंतर एकदम बागेची छाटणी. बापूचं नावही नाही.

तिने फोन लावला. "अण्णा, वडिलांनी बापूंना घरात घेतलं का?"

"लिवलंय की त्यात!"

"नाही हो. ती पानंच नाहीत."

अण्णांनी घरातल्या प्रती उघडून पाहिल्या. सगळ्यांत तेच.

"आपलं पुस्तक आपण कशाला उघडून बघतोय, ताई! पण पाहुण्यारावळ्यांत वाटलं ना. सगळे म्हणले, अण्णा, लय भारी लिवलं, एका बैठकीत संपवलं!" मग जरा थांबून, "म्हंजे वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मग आता तुम्हीच सांगा, पुढे काय झालं."

"फोनवर नाय सांगण्यासारखं ते. घरी या. बागेत बसून सांगतो."

जायचं ठरलं. आधी त्यांची द्राक्षतोडणी आली, मग सुनंदाच्या तपासण्या, मग दवाखानाच. तिथेही ती एकदा म्हणाली, "घेतलं असेल का रे त्याला घरात?"

"बरी झालीस की जाऊन विचारू," मी म्हणालो.

शेवटी मी एकटाच गेलो. अण्णा फाटकाशी येऊन उभे होते. माझ्या मागे पाहत म्हणाले, "ताई?"

मी सांगितलं.

त्यांनी मांडवाखाली खाट टाकली, पाणी आणून दिलं आणि ते समोर बसले. मग विचारलं, "कुठवर वाचलं होतं त्यांनी?"

"बापू फाटकाशी. वडील ओट्यावर."

अण्णांनी मान हलवली, डोळे मिटले आणि सांगायला लागले. "तर ताई, वडील उठले..."

"हं," मी म्हणालो.